आजारी न पडलेल्या बाळांचा माग



 विषाणूंचा अभ्यास पुण्याला नवा नाही. १९५२ साली इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. तिच्या कामाबद्दल या परिषदेच्या पुढच्या सत्रांत जाणकार बोलतीलच. स्वागताचा मान मला मिळाला आहे, तर ही वेळ मी एका माणसाच्या कामासाठी वापरणार आहे. डॉ. महाराज किशन भान हे त्यांचे नाव. ते मूळचे काश्मीरचे, पण डॉक्टर झाले ते याच गावात. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९६९ साली ते एमबीबीएस झाले, चंदीगडला बालरोगशास्त्र शिकले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, त्यांनी लहान मुलांच्या पोटाचे विकार हा आपला विषय केला.

त्या काळी या विषयात किती अंधार होता, हे आजच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यायला हवे. बाळाला उलट्या सुरू व्हायच्या, पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब, डोळे खोल जायचे, टाळू बसायची. शी तपासायला पाठवली तर पुष्कळदा एकही जिवाणू सापडायचा नाही. घरोघरच्या आजी सांगायच्या, ‘दात येताहेत त्याला.’ त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दातही येतात आणि याच वयात हा आजार सर्वांत जोरात असतो. खरा कारणीभूत मात्र डोळ्यांना दिसत नव्हता.

तो दिसला १९७३ साली, मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी असलेल्या नऊ मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सहा मुलांच्या पेशी विषाणूंच्या कणांनी भरलेल्या होत्या. हाच रोटाव्हायरस. आतड्याच्या आतल्या बाजूला जे केसाळ उंचवटे असतात, त्यांच्या टोकाच्या पेशी तो गाठतो. अन्न आणि पाणी शोषून घ्यायचे काम याच पेशींचे. त्या झडल्या की बाळाने प्यायलेले पाणी अंगी लागत नाही. शिवाय या विषाणूचे एक प्रथिन विषासारखे काम करते आणि आतड्यात उलट पाणी सोडायला लावते. प्रतिजैविकांचा यावर काडीचा उपयोग नाही. श्रीमंत देशांतल्या स्वच्छ घरांतली मुलेही यातून सुटत नाहीत. तिथे ती बरी होऊन घरी जातात. आपल्याकडे लस येण्यापूर्वी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुले दर वर्षी यात दगावत होती, असा अंदाज आहे.

आता डॉ. भान यांच्याकडे येते. १९८५च्या सुमारास एम्सच्या नवजात बालकांच्या कक्षात त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. अनेक बाळांच्या शीमध्ये रोटाव्हायरस होता आणि बाळे ठणठणीत होती. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, दूध नीट पीत होती. रुग्णालयात आपले सगळे लक्ष आजारी मुलाकडे असते, आणि ते तसेच असायला हवे. जे बाळ बरे आहे त्याची आई दुपट्यात गुंडाळून त्याला घरी घेऊन जाते, आपण पुढच्या खाटेकडे वळतो. डॉ. भान वळले नाहीत. विषाणू अंगात असून हे मूल आजारी का पडत नाही, आणि पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. बिशपबाईंनी १९८३ साली मेलबर्नमध्ये दाखवून दिले होते, की जन्मल्यावर लगेच असा संसर्ग झालेल्या मुलांना पुढे हा आजार तीव्र स्वरूपात होत नाही. डॉ. भान आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या बाळांचा माग काढला. १९९३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: या मुलांना पुढे रोटाव्हायरसचे जुलाब कमी होतात.

म्हणजे निसर्गाने त्या कक्षात बाळांना लसच पाजली होती. त्या विषाणूला नाव मिळाले ११६ ई. त्याच्या अकरा जनुकखंडांपैकी दहा माणसाच्या रोटाव्हायरसचे आणि एक गाईच्या. बंगळुरूच्या बाळांतही असाच एक निरुपद्रवी विषाणू मिळाला होता; दोन्हींची चाचणी झाली आणि ११६ ई सरस ठरला.

पुढची वाट फार लांब होती. भारत-अमेरिका लस कार्यक्रम, परदेशी प्रयोगशाळा, देणगीदार, हैदराबादची भारत बायोटेक, असे अनेक हात लागले. डॉ. भान २००४ ते २०१२ केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव होते, पण या बाळांना ते विसरले नाहीत. अखेरच्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर झाली. पुण्याचे काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढूच्या ग्रामीण भागात केले. या देशाच्या लशीसाठी तिथल्या आयांनी आपली दीड-दोन महिन्यांची लेकरे विश्वासाने पुढे केली. या व्यासपीठावरून त्यांचे ऋण मान्य करणे मी माझे कर्तव्य समजते.

लस मार्च २०१५ मध्ये आली. किंमत ठरली होती एका मात्रेला एक डॉलर. २०१६ साली चार राज्यांत ती सरकारी लसीकरणात सुरू झाली, २०१९ साली महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही वेगळ्या वाटेने बनलेली लस आता आहे, आणि ती उष्णतेत टिकते. नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवर लस नेणारी माणसे या सभागृहात आहेत. या गुणाचे मोल त्यांना मी सांगायला नको.

तरीही एक आकडा मला तुमच्यासमोर ठेवलाच पाहिजे. ११६ ई लशीने पहिल्या वर्षात तीव्र आजार सुमारे ५६ टक्क्यांनी कमी केला. पाश्चात्त्य देशांत रोटाव्हायरसच्या लशी याहून बरेच अधिक संरक्षण देतात. वेल्लोरमध्ये डॉ. गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनी मुलांना जन्मापासून तीन वर्षे पाहिले, तेव्हा दिसले की तीनदा संसर्ग होऊनही मध्यम वा तीव्र आजारापासून मिळणारे संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबते. मेक्सिकोतल्या मुलांना दोनदाच संसर्ग झाला की पूर्ण संरक्षण मिळाले होते. आपल्या मुलांच्या आतड्यात असे काय आहे? कुपोषण, आईकडून आलेली प्रतिपिंडे, सतत होणारे इतर संसर्ग, यांतले कशाचे किती? हा प्रश्न आपला आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच वॉर्डांत शोधावे लागेल. आणि जुलाब घडवणारा दुसरा विषाणू, नोरोव्हायरस, त्याच्यावर तर अजून लसही हाती आलेली नाही.

डॉ. भान लशीपुरते थांबले नव्हते. जुलाबात झिंक दिल्याने आजार लवकर आटोपतो, हे दाखवणाऱ्या १९९५ सालच्या दिल्लीतल्या अभ्यासातही ते होते. जलसंजीवनी आणि झिंक एवढ्या दोन स्वस्त गोष्टींनी बाळ वाचते, तरी आजही कित्येक बाळांच्या हाती प्रतिजैविकांचीच चिठ्ठी पडते. याचे मला मनापासून दुःख आहे.

२६ जानेवारी २०२० रोजी डॉ. भान गेले. त्यांचे काम पुढे न्यायला महागडे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जुलाबाचे मूल आले की लशीचे कार्ड पाहा, लशीच्या किती मात्रा झाल्या ते लिहा, शीचा नमुना जपून पाठवा. आणि लस घेतलेले, त्याच वस्तीतले, आजारी न पडलेले मूलही नोंदवहीत आणा. पुढच्या परिषदेला येताना अशा नोंदी सोबत आणा, एवढे मागून मी अध्यक्ष महोदयांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करते.