वाडा उभा राहतो तो चुलीवर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुनी घरं कशानं पडतात, असं विचारलं तर आपण पाऊस, वाळवी, भाऊबंदकी अशी उत्तरं देतो. ती खरीच आहेत. पण जाणते गवंडी आणखी एक कारण सांगतात. ते म्हणतात, घर पडतं ते रिकामं राहिल्यानं. या म्हणण्यामागचं शास्त्र मला गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी समजलं.

माझ्या एका मैत्रिणीच्या सासरचा वाडा वाईला आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळातला, दोन चौकांचा. "रविवारी जेवायलाच ये, आणि येताना तुझ्या हातचं काहीतरी आण," असा तिचा फोन आला. मग माझा शनिवार दशम्या करण्यात गेला. दशमी म्हणजे प्रवासाची पोळी. कोमट दुधात गूळ विरघळवायचा, चवीपुरतं मीठ आणि चमचाभर तूप घालायचं आणि त्यात कणीक घट्ट मळायची. पाण्याचा थेंब लावायचा नाही. त्यामुळे ती दोन-तीन दिवस टिकते आणि जुन्या सोवळ्याओवळ्याच्या हिशेबातही ती प्रवासात चालत असे. गूळ लवकर करपतो, म्हणून आच मंदच हवी. जोडीला दाण्याची चटणी. ती मात्र खलबत्त्यातच कुटावी. मिक्सरमध्ये दाण्यांची पूड होते, खलबत्त्यात त्यांना तेल सुटतं.

रविवारी सकाळी खंबाटकी ओलांडून वाईत शिरले. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि आत माजघर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. आपल्याकडे घर चौरस फुटांत नव्हे, खणांत मोजत. प्रत्येक सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. भिंतीतले कोनाडे, फडताळं, धान्याची बळदं यांमुळे खोलीत वेगळ्या कपाटांची गरजच पडत नसे.

स्वयंपाकघर मागच्या चौकात. तिथं गॅस आहे, तरी त्या दिवशी चूल पेटवलेली होती. मैत्रिणीच्या सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणते, निखाऱ्यांवर कृष्णाकाठची वांगी भाजत होत्या. वय वर्षे ८४.

"काकू, गॅस असताना हा धूर कशाला?" मी विचारलं.

"अगं, धूर माणसांसाठी नाही, आढ्यासाठी!" त्या म्हणाल्या.

गंमत वाटली, पण बोलणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. चुलीच्या धुरानं वाशांवर, तुळयांवर काजळीचा थर बसतो आणि लाकूड पोखरणारी कीड दूर राहते. उबेनं भिंतीतली ओल सुकते. याच धुरानं बायकांच्या किती पिढ्यांचे डोळे आणि छाती जाळली, हेही विसरायला नको. रोज चूल पेटवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण चूल पेटते याचा अर्थ घरात माणूस आहे. माणूस असला की दारं-खिडक्या उघडतात, वारा खेळतो, गळती पहिल्याच पावसात दिसते, मृग लागण्याआधी कौलं परतली जातात. कुलूपबंद घरात एक कौल सरकलं तर ते कोणाला कळत नाही. त्या फटीतून तीन पावसाळे पाणी मुरतं आणि चौथ्या वर्षी तुळई खाली येते.

भरीत, भाकरी, दही आणि माझ्या दशम्या असं जेवण झाल्यावर ओसरीवर खरा विषय निघाला. वाड्याचे वारस पाच. दोघे पुण्यात, एक अमेरिकेत. जागा घ्यायला बिल्डर तयार आहे. धाकट्या दिरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "वहिनी, आईला रात्री परसातल्या संडासात जावं लागतं. कौलं परतायला माणूस मिळत नाही. वाड्याचं कौतुक करायला सगळे येतात, खर्चाला कोण येतं?" कोणीच काही बोललं नाही.

पुण्यातले वाडे असेच गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे वाहून गेले. उरलेल्यांना भाड्यानं मारलं. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. १९९९चा नवा कायदा येईपर्यंत महिन्याच्या भाड्यात मालकाला दोन-चार कौलंही बदलता येईनात. शनिवारवाडा सरकारनं सांभाळला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहायला लोक लांबून येतात. २००४च्या 'स्वदेस' चित्रपटानं तिथला घाटही घरोघरी पोचवला. पण ज्या वाड्यात कोणी मुत्सद्दी राहिला नाही, नुसतीच माणसं राहिली, त्याला वाली कोण?

मैत्रिणीच्या घरच्यांनी त्या दुपारी एक साधी गोष्ट ठरवली. दिवाळीपर्यंत विकण्याचा निर्णय नाही. तोवर दर महिन्याला एका घरानं दोन दिवस येऊन राहायचं आणि स्वयंपाक तिथंच करायचा. काकूंच्या खोलीला लागून संडास-न्हाणीघर मात्र लगेच बांधायचं. अमेरिकेतल्या भावानं त्याचा खर्च उचलला. वाडा टिकेल का, हे त्यातून ठरत नाही. पण जे विकायचं की नाही हे ठरवायचं आहे, ते काय आहे हे तरी पाचही घरांना कळेल.

तुमचंही गावाकडं असं घर असेल, तर या उन्हाळ्यात दोन दिवस जाऊन राहा. खण मोजा, फोटो काढा, कोणतं दार कोणी बसवलं हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. आणि जाताना डबा नेऊ नका, शिधा न्या.