देशपांडे, इटालियनमध्ये



अंधेरी-बोरिवली काय किंवा मुलुंड-घाटकोपर काय, आपल्या उपनगरांतली मुलं हल्ली शिकायला इटलीलाही जातात. मागोमाग आई-बाबा त्यांना भेटायला निघतात. सहारहून विमानात बसेपर्यंत सगळं सुरळीत असतं. अडतं ते तिकडे, मिलानहून सिसिलीला जायचं मनात आलं आणि तिकिटासाठी फोन लावला की.

वाक्यं मुळीच अवघड नाहीत. त आणि द तर आपल्यासारखेच. ‘वोर्रेइ प्रेनोतारे उन वोलो पेर पालेर्मो’, म्हणजे मला पालेर्मोचं विमान बुक करायचंय. जाऊन-येऊन हवं तर ‘अंदाता ए रितोर्नो’, नुसतं जायचं तर ‘सोलो अंदाता’. विमान थेट आहे का? ‘ए दिरेत्तो?’ आणि हे विसरू नका : ‘दा क्वाले आएरोपोर्तो पार्ते?’ कुठल्या विमानतळावरून सुटतं? मिलानसाठी लिनाते, मालपेन्सा आणि बर्गामो असे तीन विमानतळ आहेत. मालपेन्सा तर शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून हा प्रश्न आपल्यालाही पडतोच म्हणा.

विचारणं सोपं, उत्तर कळणं कठीण. ‘सेस्सांता’ म्हणजे साठ आणि ‘सेत्तांता’ म्हणजे सत्तर. घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात. खिडकीपाशी असाल तर सरळ म्हणा, ‘मे लो स्क्रीवे?’ लिहून देता का?

खरी गंमत नावाची. तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी जुळायला हवं, आणि फोनवर ‘देशपांडे’ म्हटलं की पलीकडे शांतता. इटालियन लोक स्पेलिंग सांगताना गावांची नावं घेतात. तेव्हा देशपांडे असे सांगायचे : दोमोदोस्सोला, एंपोली, सावोना, ओतेल, पालेर्मो, आंकोना, नापोली, दोमोदोस्सोला, एंपोली. एचसाठी गाव नाही, हॉटेल आहे, आणि त्यातला ‘ह’ ते उच्चारत नाहीत. कुलकर्ण्यांचा के म्हणजे ‘काप्पा’, जोश्यांचा जे ‘इ लुंगा’, वाघमाऱ्यांचा डब्ल्यू ‘दोप्प्या वू’. ही अक्षरं मूळ इटालियन वर्णमालेत नाहीत, म्हणून सावकाश सांगा. ‘कोन्योमे’ विचारलं तर आडनाव. ‘नोमे’ विचारलं तर पासपोर्टावर पहिल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही सांगायचं. निघण्यापूर्वी घरी दोन-चारदा मोठ्यानं म्हणून बघा. शेजारी विचारतील, विचारू देत.

आणखी एक शब्द कानात ठेवा : ‘शोपेरो’, म्हणजे संप. इटलीत तो वरचेवर होतो, पण बहुधा आधी जाहीर करून. अशा दिवशीही सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतली विमानं सोडायची, असा तिथला नियम आहे. त्यामुळे तिकीट काढताना ‘चे शोपेरो?’ एवढं विचारा, आणि ‘सी’ असं उत्तर आलं तर सकाळी आठचं विमान मागा.