नाण्यावर तिरपा उजेड



दिवाळी आली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एक डबी उघडते. लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया, एखादी शिवराई, भोकाचा पैसा असं काहीबाही तिच्यात असतं. वर्षातून एकदा ते पाटावर येतं, हळदकुंकू लागतं आणि परत डबीत जातं. अशा वेळी घरातली नात विचारते, "आजोबा, यावर साल कोणतं आहे?" आजोबा चष्मा सावरतात, रुपया खिडकीपाशी नेतात, जरा इकडे, जरा तिकडे कलवतात आणि म्हणतात, "1881 आहे का 1887, काही उमगत नाही बाप्पा."

त्या आजोबांनी नाणं उजेडात कलवलं, हे लक्षात ठेवा. आज मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ तिथेच आहे.

मी वलगावहून येतो. पेढी नदीकाठचं, गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी ज्याच्या शिवेवर देह ठेवला ते हे गाव. माझ्याकडे नाणी घेऊन बरीच मंडळी येतात. "गुरुजी, वावरात वखरताना गवसलं, पाहा बरं काय व्हय हे," असं म्हणत कुणी रुमालाची गाठ सोडतं. अलीकडे तरुण मुलं विचारतात, "सर, नाणी बघायला आणि फोटो काढायला मायक्रोस्कोप घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" खिशाला परवडेल आणि कामालाही येईल असा मायक्रोस्कोप कसा निवडावा, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप या कामाचा नाही. कांद्याचा पापुद्रा बघायला तो उत्तम, कारण त्याचा उजेड खालून येतो आणि पातळ पापुद्र्यातून आरपार जातो. नाण्यातून उजेड जात नाही, त्यामुळे तिथे नुसती काळी चकती दिसते. शिवाय त्याची सर्वांत कमी ताकद बहुधा 40 पट असते. तेवढ्या ताकदीला जेमतेम साडेचार मिलिमीटरचा तुकडा नजरेत मावतो. राणीछाप रुपया सुमारे 30 मिलिमीटरचा. म्हणजे राणीचं नाक दिसेल, पण राणी दिसणार नाही. कुणी जुना कॉलेजचा मायक्रोस्कोप स्वस्तात देतो म्हणाला, तरी नाण्यांसाठी घेऊ नका.

दुसरी गोष्ट. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. संगणकाला किंवा मोबाइलला जोडायचे छोटे यूएसबी मायक्रोस्कोप दीड-दोन हजारांपासून मिळतात. खोक्यावर 1000 पट, 1600 पट असं ठळक छापलेलं असतं. खरं-खोटं घरच्या घरी तपासता येतं. भिंगाखाली स्टीलची पट्टी ठेवा. पडद्यावर एक मिलिमीटरच्या दोन खुणांमधलं अंतर दुसऱ्या पट्टीने मोजा. ते 150 मिलिमीटर भरलं, तर तुमचं यंत्र त्या पडद्यावर 150 पट मोठं दाखवतं. पडदा मोठा घेतला की हाच आकडा वाढेल, पण बारकावा एक रेघही वाढणार नाही. चित्र नुसतं फुगेल. दुकानात गेलात तर हीच पट्टी खिशात घेऊन जा.

नाण्यांचं बहुतेक काम 5 पटीपासून 40 पटीपर्यंत होऊन जातं. अक्षर वाचायला 10 पट पुरते. टाकसाळीची खूण, ठशातली चीर, घासल्याच्या रेघा बघायला 20 ते 30 पट. त्यापुढे गेलात की नजरेतला तुकडा लहान होतो आणि नाण्याचा उंच-सखलपणा आड येतो. राणीचा गाल स्पष्ट असेल तर मुकुट धूसर, मुकुट स्पष्ट केला तर गाल धूसर.

मग घ्यायचं काय? तीन पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, 10 पटीचं सराफी भिंग. सराफ्यात प्रत्येक पेढीवर असतं ते. काहीशे रुपयांत मिळतं. ते डोळ्याला टेकवायचं आणि नाणं त्याच्याजवळ आणायचं, इंचभर अंतरावर. नवशिक्याने सहा महिने तरी एवढ्यावरच काढावेत. आज संध्याकाळी खिशातली सुटी नाणी काढा आणि सालाच्या खाली बघा. छोटा हिरा दिसला तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं, तारा दिसला तर हैदराबादचं, टिंब दिसलं तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. एवढं ओळखता आलं की नजर बसायला लागली समजा.

दुसरी पायरी, यूएसबी मायक्रोस्कोप. फोटो काढून दुसऱ्याला दाखवायचे, नोंद ठेवायची, तर हा बरा. घेताना भिंगापेक्षा त्याचा स्टँड आधी बघा. प्लॅस्टिकचा वाकडा दांडा आणि खाली रबरी चोखणी असेल, तर टेबलाला बोट लागलं तरी चित्र हलतं. लोखंडी पाया आणि चाक फिरवून हळूहळू वर-खाली होणारा दांडा असलेलाच घ्या. चार पैसे जास्त गेले तरी ते इथेच जाऊ द्या. भिंग आणि नाणं यांच्यात किती जागा उरते तेही पाहा. भिंग नाण्याला चिकटायला आलं, तर बाजूने उजेड घालायला जागाच राहत नाही.

तिसरी पायरी, स्टिरिओ मायक्रोस्कोप. दोन्ही डोळ्यांनी बघायचा, नाण्याची खोली जशीच्या तशी दाखवणारा. मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तोच. हरियाणातलं अंबाला हे आपल्याकडे अशा उपकरणांचं मोठं केंद्र आहे. तिथले साधे नमुने साधारण आठ-दहा हजारांपासून मिळतात. 7 ते 45 पट ताकद बदलणारा घेतलात, तर आयुष्यभर दुसरा लागणार नाही. भिंगाखाली सुमारे 10 सेंटिमीटर जागा मोकळी असते, नाणं बोटांनी फिरवता येतं. फोटो काढायचे असतील तर कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला मागा. त्याच्याबरोबर अर्ध्या पटीचं जोडभिंग मिळतं, तेही घ्या. ते लावलं की ताकद निम्मी होते, पण नजरेचं वर्तुळ दुप्पट होतं, खालची जागाही बरीच वाढते, आणि अख्खा रुपया आरामात मावतो.

एक मात्र सांगून ठेवतो. अख्ख्या नाण्याचा फोटो हवा असेल तर मायक्रोस्कोपची गरजच नाही. तुमचा मोबाइल स्टँडवर आडवा, नाण्याच्या बरोबर वर धरा, थोडा उंचावरून झूम करा, टायमर लावा. मायक्रोस्कोप ठेवा बारकाव्यासाठी.

आता मुख्य मुद्दा, उजेड. पेढीकाठच्या नांगरलेल्या वावरात भर दुपारी उभे राहा. सगळी जमीन सपाट काळी दिसते. तेच वावर दिवस कलल्यावर बघा. एकेक तास, एकेक ढेकूळ सावलीसकट उठून दिसतं. नाण्याचंही तसंच आहे. वरून पडलेल्या उजेडात झिजलेलं अक्षर मरतं, बाजूच्या उजेडात ते उभं राहतं. आजोबा खिडकीपाशी नाणं कलवत होते ते यासाठीच.

स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोपच्या भिंगाभोवती गोलाकार दिवे असतात. चांदीच्या चकचकीत नाण्यावर त्यांचे पांढरे ठिपके पडतात आणि मजकूर झाकला जातो. ते दिवे मंद करा, जमलं तर बंदच करा. एक साधा टेबललॅम्प किंवा बॅटरी नाण्याच्या एका बाजूला ठेवा, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर. मध्ये ट्रेसिंग पेपर धरा, म्हणजे उजेड मऊ होतो. आता दिवा तसाच ठेवून नाणं हळूहळू फिरवा. एका जागी अचानक आकड्याची वरची रेघ सावली टाकेल, आणि 1881 का 1887 याचा निकाल लागेल.

अस्सल-नकली ओळखायलाही हाच उजेड कामाला येतो. पण क्रम पाळा. आधी वजन, मग भिंग. 1939 पर्यंतचा राणीछाप-राजाछाप चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. वापराने किंचित कमी भरेल. ग्रॅमभराचा फरक आला तर सावध व्हा. मग 20 पटीला पाहा. टाकसाळीत ठशाखाली दाबलेल्या नाण्याची अक्षरं कडेला धारदार असतात आणि मोकळी जागा गुळगुळीत असते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात, आणि कडेच्या दात्यांवर कधीकधी जोडाची रेघ सापडते. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर राजाच्या अंगरख्यावरचा चिमुकला हत्ती बघा. तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 पासून ठसा सुधारला गेला. हा फरक 10 पटीच्या भिंगाखाली शाळकरी पोरालाही दाखवता येतो.

एवढी धडपड कशासाठी, असं वाटेल. 1939 साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सोळाशेच्या आसपास नाणी, मिश्रधातूची, एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती. त्यांचा अभ्यास महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी तोवर अनोळखी असलेली राजांची नावं उजेडात आली. या जातीच्या नाण्यांवर ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच उतरतं. एकावर सुरुवातीची दोन अक्षरं, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. ती शेजारी ठेवूनच नाव जुळवावं लागतं. आज तुम्ही काढलेला नीट फोटो याच कामाला येतो. म्हणून प्रत्येक नाणं एकाच अंतरावरून, एकाच दिशेच्या उजेडात टिपा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. दोन्ही बाजू घ्या. वजन, व्यास आणि कुठे मिळालं ते गावाच्या नावासह लिहून ठेवा. गावाचं नाव हरवलेलं नाणं अर्धं मुकं होतं.

जाता जाता कळकळीने दोन विनंत्या करतो. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्याने आपल्याला स्वच्छता शिकवली. पण जुनं नाणं ही अशी वस्तू आहे की ती घासायची नसते. चिंच, राख, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. तांब्यावरचा तो काळसर-हिरवट थर शेकडो वर्षांनी बसलेला असतो. तो खरवडला की अक्षरांची धारही जाते, आणि मग जगातला सर्वांत महाग मायक्रोस्कोपसुद्धा ती परत आणू शकत नाही. नाणं कडेने धरा, मऊ कापडावर ठेवा, कागदी पाकिटात जपा.

दुसरी विनंती शेतकरी बांधवांना आणि भगिनींना. वखरताना, विहीर खणताना, जुनं घर पाडताना जमिनीतून नाणी निघाली तर ती वाटून घेऊ नका, वितळवू तर अजिबात नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात जाऊन लेखी कळवा. तोवर नाणी होती तशीच एकत्र ठेवा, आणि जमलं तर मातीसकट त्यांचा एक फोटो काढा. खिडकीपाशी, तिरप्या उजेडात.