चेंडू हातात आला की काय करायचं?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा सारांश)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बास्केटबॉलचा एक क्वार्टर दहा मिनिटांचाच असतो, त्यामुळे वेळ पाळायची मला सवय आहे.

आपल्या पार्किंगच्या टोकाला जी रिंग आहे, तिथे गेली काही वर्षं मी सकाळी मुलांना शिकवतो. नोकरीत असताना बँकेच्या संघातून खेळलो होतो, तेवढीच माझी पात्रता. आज मला माझी एक चूक सांगायची आहे.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या सोसायटीशी सामना होता. आपण एका गुणाने मागे. शेवटचे काही सेकंद. चेंडू आपल्या एका मुलीच्या हातात आणि रिंगखाली आपला एक मुलगा अगदी मोकळा. मी ओरडणार, तेवढ्यात मला जोराचा ठसका लागला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खोकतोय आणि ती पाहतेच आहे. शिट्टी वाजली, सामना गेला. नंतर ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही काही सांगितलंच नाही!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक तिची नव्हतीच. "पास दे", "मार", "थांब" असं मी दोन वर्षं काठावरून ओरडत होतो. मुलं मैदान बघायला शिकलीच नाहीत, ती माझ्याकडे बघायला शिकली.

हा खेळ मुळातच निर्णयांचा आहे. 1891 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो तयार केला. त्याच्या मूळ 13 नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. म्हणजे झेलणाऱ्यापुढे पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता : आता कुणाकडे? आजच्या नियमांनी तर घड्याळच लावलं आहे. आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची, चोवीस सेकंदांत रिंगवर शॉट घ्यायचा. काठावरच्या माणसाचं ऐकून, समजून, मग खेळायला वेळ आहे कुठे? मी "पास दे" म्हणेपर्यंत मोकळा असलेला खेळाडू अडवलेला असतो.

मग मी पद्धत बदलली. पूर्वी मुलं रांगेत उभी राहून, खुर्च्यांच्या मधून ड्रिबल करत जायची. हात तयार होतो त्याने, नाही असं नाही. पण खुर्ची अडवायला येत नाही! आता आम्ही सरावाचा बराचसा वेळ छोटे सामने खेळतो. दोघांविरुद्ध एक. अडवणारा चेंडूवाल्यावर आला तर पास, मागे सरकला तर स्वतः पुढे जाऊन शॉट. ते जमलं की तिघांविरुद्ध दोन, मग तिघांविरुद्ध तीन. कधी ड्रिबल पूर्ण बंद, अगदी नेस्मिथच्या नियमासारखं. मग चेंडू यायच्या आधीच मान वर करून कोण कुठे आहे ते बघावं लागतं. निम्मा निर्णय तिथेच होतो.

दुसरं म्हणजे, मी सांगायचं बंद करून विचारायला लागलो. मध्येच शिट्टी मारतो. सगळे आहेत तिथे थांबतात. "तुला काय दिसलं? दुसरं काय करता आलं असतं?" सुरुवातीला मुलं गप्प बसायची, उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधायची. आता आपसात वाद घालतात. हे मात्र सारखं करायचं नाही, नाहीतर खेळाचा विचका होतो.

तिसरी गोष्ट मला बँकेने शिकवली. कर्ज मंजूर करताना कागदपत्रं तपासली, धंदा बघितला, सगळं चोख केलं, तरी एखादं खातं बुडतं. आणि डोळे मिटून दिलेलं एखादं कर्ज वेळेवर फिटतं. म्हणून पहिला निर्णय वाईट आणि दुसरा चांगला ठरत नाही. बुडीत खात्याच्या धास्तीने काही अधिकारी सहीच करायचे नाहीत, फाइल वर पाठवून मोकळे! मैदानावर हेच होतं. चुकलेल्या शॉटला आपण रागावतो, मग मूल चेंडू दुसऱ्याकडे ढकलून मोकळं होतं. म्हणून मोकळ्या जागेतून घेतलेला शॉट हुकला तरी मी शाबासकी देतो. दोघांच्या गराड्यातून वेडावाकडा मारलेला चेंडू आत गेला, तरी विचारतो, "मोकळं कोण होतं?"

गेल्या डिसेंबरच्या सामन्यातही शेवटी चेंडू त्याच मुलीकडे आला. दोघं तिच्यावर धावून आले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या मोकळ्या मैत्रिणीला पास दिला. चेंडू रिंगच्या कडेवर आपटून बाहेर पडला आणि आपण हरलो. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजोबा, दोघं माझ्यावर आले म्हणजे ती मोकळी असणारच होती. पास बरोबर होता." मी म्हटलं, "शंभर टक्के बरोबर होता." मैत्रिणीला मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज पन्नास शॉट मारायला लावले. निर्णय बरोबर असून भागत नाही, हातही हवा!

आता पालकांना एक विनंती. सामन्याला जरूर या, टाळ्या वाजवा, हरलो तर वडापाव खाऊ घाला. पण काठावरून "मार, मार" ओरडू नका. तिघांविरुद्ध तिघांचा जो बास्केटबॉल टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आला, त्यात सामना चालू असताना प्रशिक्षकाला सूचना द्यायची परवानगीच नाही. तिथे तो गप्प बसू शकतो, तर आपल्याला इथे का जमू नये?

माझंही सोपं झालेलं नाही. अजून ओरडावंसं वाटतं. म्हणून सामन्याला जाताना खिशात खडीसाखर ठेवतो. ठसक्यालाही उपयोगी आणि तोंड बंद ठेवायलाही.

क्वार्टर संपला.