पहिली रायफल : हौस, ऐपत आणि साधना

(विजयादशमीनिमित्त शस्त्रपूजनानंतर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आत्ताच आपण शस्त्रपूजन केले. गंधफूल वाहिले, हात जोडले. आता ती शस्त्रे पुन्हा फडताळात जातील आणि पुढच्या दसऱ्यालाच बाहेर येतील. पूजेतला भाव खरा आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्याची पूजा करतो, त्याची ओळख करून घेणे हाही उपासनेचाच भाग आहे. म्हणून आज मी एका व्यावहारिक प्रश्नावर बोलणार आहे. सामान्य घरातील मुलाने वा मुलीने नेमबाजी शिकायची ठरविली, तर पहिली रायफल कोणती घ्यावी?

हा प्रश्न मला एका वडिलांनी विचारला. मी अनेक वर्षे महाविद्यालयात राष्ट्रीय छात्र सेनेचे काम पाहिले, त्या ओळखीने हे गृहस्थ गेल्या पावसाळ्यात घरी आले. नोकरी कारकुनाची. सतरा वर्षांच्या मुलाने शिबिरात उत्तम नेम साधला होता आणि कोणीतरी त्याला सांगितले होते, की जर्मन रायफल असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते म्हणाले, "सर, हिचे दागिने आहेत. गहाण ठेवावेत असे आम्ही दोघांनी ठरविले आहे. फक्त कोणती घ्यायची ते सांगा." मी त्यांना दोन तास बसवून घेतले. त्या दोन तासांत जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

शिकार संपली, नेम उरला

रायफल म्हटली की आपल्या मनात प्रथम शिकार येते. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये त्याच रायफलने टिपला गेला. ती बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल होती. परंतु याच कॉर्बेटनी पुढे बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला आणि वाघ वाचविण्यासाठी लेखणी झिजविली, हे आपण विसरता कामा नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील हौसेची शिकार संपली. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले, तरी शेतकऱ्याला वनविभागाच्या परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. तेव्हा शिकारीसाठी म्हणून कोणी रायफल घेत असेल, तर तो विचार आजच सोडावा. आता समोर आहे ती कागदी लक्ष्यावरची नेमबाजी. शिकाऱ्याला समोरचे जनावर जिंकावे लागे. नेमबाजाला स्वतःचा श्वास जिंकावा लागतो. ही साधना अधिक कठीण आहे, असे माझे मत आहे.

बोल्ट म्हणजे काय?

बोल्ट-अ‍ॅक्शनची रचना दाराच्या कडीसारखी आहे. दांडी वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली वळविली की नवे काडतूस नळीत बसून मागचा भाग पक्का बंद होतो. प्रत्येक गोळीसाठी ही क्रिया हाताने करावी लागते. सुटे भाग कमी, बंदिस्ती मजबूत, म्हणून अचूकता अधिक आणि देखभाल सोपी. शिकविणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गुण मोठा आहे. प्रत्येक गोळीनंतर मुलाला थांबावे लागते आणि त्या थांबण्यात विचार करावा लागतो.

माझी स्वतःची चूक

आपल्याकडे परवानाधारकांत सर्वांत परिचित बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे .३१५ स्पोर्टिंग रायफल. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ती घडविली. हा कारखाना १९०४ पासून रायफली करतो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो त्यांपैकी एका कंपनीकडे गेला. .३१५ चा सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा. लष्कराचे .३०३ काडतूस नागरिकांना निषिद्ध, म्हणून हा वेगळा व्यास. विदेशी रायफलीच्या तुलनेत ती स्वस्त आहे, दणकट आहे आणि स्वदेशी आहे.

तरुणपणी मी अशीच एक जुनी .३१५ घेतली. लाकडावरची झिलई पाहून भाळलो. नळीत डोकावून पाहिले नाही. घरी आणल्यावर कळले, की आतील पीळ गंजाने खाल्ले आहेत. विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? पाहण्याचे काम माझे होते. नवी असती तरी माझा उद्देश साधला नसता. तिचा धक्का नवशिक्याच्या खांद्याला झेपत नाही, काडतूस महाग, जवळपास तिच्यासाठी योग्य रेंज नाही आणि ऑलिम्पिकच्या स्पर्धांत तिला स्थान नाही. दर निवडणुकीच्या वेळी ती ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, एवढाच तिचा प्रवास झाला. शेवटी नियमानुसार ती परत केली. उद्देश ठरविण्याआधी वस्तू ठरविली, ही माझी चूक. ती आपण करू नये.

पायऱ्या तीन

पहिली पायरी, एअर रायफल. छरा ४.५ मिलिमीटरचा, अंतर १० मीटर, आणि दहा गुणांचा मध्यबिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. धक्का नाही, आवाज नाही, खर्च आवाक्यातला. याच प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला देशाचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळविले. तेव्हा या पायरीला कोणी खेळणे समजू नये.

दुसरी पायरी, .२२ ची बोल्ट-अ‍ॅक्शन, तीही क्लबची किंवा छात्र सेनेची. हे काडतूस स्वस्त, धक्का नाममात्र आणि ५० मीटरवरील ऑलिम्पिक प्रकार याच व्यासाचा. अंजली भागवत यांची नेमबाजी छात्र सेनेतूनच सुरू झाली आणि २००२ साली म्युनिकला त्या 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली त्याच म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या.

तिसरी पायरी, स्वतःची .२२. तिची घाई नको. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाच्या नावे परवाना मिळत नाही. सरावासाठी मात्र बारा वर्षांपुढील मुलांना देखरेखीखाली शस्त्र वापरण्याची मुभा आहे. त्या वडिलांना हे ठाऊकच नव्हते! जर्मनीतील उल्म शहराच्या आन्शुट्झ आणि वाल्थर या रायफली उत्तम आहेत, यात वाद नाही. परंतु त्यांची आयात सामान्य नागरिकाला खुली नाही. स्पर्धांत विशिष्ट दर्जा मिळविलेल्या नेमबाजाला ती सवलत मिळते. म्हणजे कायद्यानेच क्रम लावून दिला आहे. आधी गुण, मग रायफल.

हातात घेऊन पाहा

वेळ येईल तेव्हा चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, माप. दस्ता खांद्याला टेकविल्यावर मान न ताणता गाल लाकडावर विसावला पाहिजे आणि डोळा आपोआप मागच्या छिद्रातून पुढच्या माशीवर गेला पाहिजे. रायफल शरीराला बसावी. शरीर रायफलीसाठी वाकवू नये. दुसरी, वजन. स्पर्धेची रायफल आठ किलोपर्यंत असू शकते. तेवढे वजन वाढत्या वयाच्या पाठीवर लादू नये. तिसरी, चाप. तो न अडखळता, दर वेळी सारख्याच दाबाने सुटला पाहिजे. चौथी, नळी. बोल्ट काढून उजेडाकडे धरावी. पीळ स्वच्छ दिसावेत, तोंडाशी ओरखडा नसावा. जुनी रायफल जाणकार कारागिराला दाखविल्यावाचून आणि तिचा क्रमांक कागदपत्रांशी ताडल्यावाचून घेऊ नये. तेजस्वी लाकूड पाहून भाळणाऱ्याचे काय होते, हे मी सांगितलेच आहे.

आणि हिशोब मांडावा. दिवसाला पन्नास गोळ्या, आठवड्यातून तीन दिवस सराव. वर्षाला सात हजार आठशे काडतुसे होतात. रायफल एकदा घ्यायची असते, काडतुसे रोज. सारी पुंजी रायफलीत घालून पुढे गोळ्यांना पैसे नसतील, तर ती रायफल फडताळातील शोभेची वस्तू होते. मध्यम रायफल, भरपूर सराव आणि चांगला गुरू, हाच आपल्या ऐपतीचा मार्ग.

शस्त्र आणि शील

बंधूंनो, १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी आपल्या लोकांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मात्र त्यातून मोकळे ठेवले. ती सल ज्यांच्या मनात होती, त्यांपैकी एक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. डोळ्यांचे शल्यविशारद असलेल्या या माणसाने १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, ती पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. लोकसभेत शब्दांची मर्यादा सांभाळणारा माणूस नेमबाजीचा पाया घालतो, यात मला मोठा अर्थ दिसतो. शस्त्र शोभते ते मर्यादेच्या हाती.

म्हणून रायफल मिरविण्यासाठी नाही. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. .२२ ची चिमुकली गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. नळी कधीही माणसाकडे नको, बोट चापावर केवळ नेम धरल्यावर, घरी रायफल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत. ज्या घरात हे तीन नियम पाळले जाणार नाहीत, त्या घरात रायफल येऊच नये.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे लहानसे गाव. तेथील शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी जे केले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. तेही एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर असेच आलेले.

द्रोणाचार्यांनी शिष्यांना तुमचे धनुष्य केवढ्याचे, असे विचारले नव्हते. तुला काय दिसते, एवढेच विचारले होते.

ते गृहस्थ त्या दिवशी दागिने गहाण न ठेवता घरी गेले. मुलगा क्लबच्या जुन्या .२२ वर सराव करू लागला. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला आणि खिशातून लक्ष्याचा कागद काढून टेबलावर पसरला. २५ मीटरवरून झाडलेल्या पाच गोळ्या. त्याने त्यांवर दहा रुपयांचे नाणे ठेवले. पाचही भोके झाकली गेली. रायफलीचा विषय त्याने काढला नाही. "सर, माझा श्वास अजून चौथ्या गोळीला अडतो, काय करू?" एवढेच त्याने विचारले.

त्याचे शस्त्रपूजन सुरू झाले आहे, असे मी मानतो. आपल्या सर्वांचे होवो, ही प्रार्थना करून थांबतो.

भारत माता की जय!