अॅल्युमिनियमची नाव आणि खारें पाणी

अहेरीजवळची प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळून अखेर समुद्रास जाते; पण नदीच्या गोड्या पाण्यांत टिकणारी अॅल्युमिनियमची नाव समुद्रांत टिकेलच असें नाहीं. हवेनें या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आपोआप धरतो. तेंच त्याचें चिलखत. मिठांतील क्लोराइड तें भेदून बारीक खड्डे पाडतें. खारट कालवण रात्रभर भांड्यांत ठेवणाऱ्या गृहिणीस हे ठिपके परिचित आहेत.

तांबें मिसळल्यानें धातु बळकट होतो, विमानास तो चालतो. समुद्रांत मात्र तांब्यामुळेंच लवकर झिजतो. म्हणून नावेच्या पत्र्यांत बहुधा ४ ते ५ टक्के मॅग्नेशियम घालतात. तरीहि कोणी पितळी स्क्रू बसविला, तर खाऱ्या पाण्यांत पितळ शाबूत राहतें आणि भोंवतालचा पत्रा खंगतो. दोहोंमध्यें वीज न वाहणारी चकती हवीच.