इद्दतीच्या आत

पोटगी हा शब्द पोटावरून आला. कोर्टात त्यालाच खावटी म्हणतात. इस्लामी कायद्यात तोच हक्क नफका, म्हणजे खर्च. कविता लिहिणाऱ्याला कायद्याची पुस्तके रुक्ष वाटावीत. पण बाईचे आयुष्य एकेका शब्दावर कसे अडते, ते तिथेच दिसते.

निकाह हा करार आहे. एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याची कबुली, साक्षीदार आणि मेहर. मेहर ही नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती तिच्या मालकीची. बापाची नव्हे, भावाची नव्हे. तो लगेच द्यायचा की मागाहून, यासाठी अरबीत दोन वेगळे शब्द आहेत, पण देवनागरीत दोन्ही 'मुअज्जल'च होतात! तेव्हा निकाहनाम्यात 'रोख' की 'उधार' हे सरळ मराठीत लिहून घ्यावे. मांडवात बिर्याणीची चौकशी सगळे करतात, या ओळीची कोणी करत नाही.

इंदूरच्या शाहबानो बेगम यांचे लग्न १९३२ चे. नवरा वकील. १९७५ मध्ये त्याने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी महिना ५०० रुपये पोटगी मागितली. नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक दिला. मेहर आणि इद्दतीचा खर्च दिला की आपण मोकळे, हे त्याचे म्हणणे. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि देशभर वादळ उठले. मोर्चे निघाले, भाषणे झाली. त्रेचाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने १७९ रुपयांत महिना कसा काढायचा, हे विचारणारे फार थोडे होते.

त्या वादळातून १९८६ चा कायदा आला. तलाकनंतरची इद्दत साधारण तीन महिन्यांची. बाई गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंतची. नवऱ्याने वाजवी तरतूद आणि निर्वाहाचा खर्च इद्दतीच्या 'आत' द्यावा, असे कायद्यात लिहिले होते. अनेकांनी वाचले, इद्दतीपुरता. शाहबानोंचे वकील दानियल लतिफी यांनी या कायद्याला आव्हान दिले. २००१ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, पण अर्थ नीट लावला. 'आत' ही देण्याची मुदत. तरतूद करायची ती तिच्या पुढच्या दिवसांचीही. एका अव्ययाकडून एवढे काम आम्हा कवींनाही करून घेता आलेले नाही.

२००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबादेत एक पळवाट बुजवली. बायकोने पोटगी मागितली की 'मी तिला केव्हाच तलाक दिला' असे कैफियतीत लिहून द्यायचे, ही ती पळवाट. तलाक दिला, त्याला कारण होते, आधी समेटाचा प्रयत्न झाला, हे सारे नवऱ्याने सिद्ध करावे लागते, असे पीठाने सांगितले.

एका दमातला तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्द ठरला आणि २०१९ मध्ये गुन्हा झाला. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, ही माझी शंका मात्र फिटलेली नाही. शिवाय विवाह मोडण्याचा हक्क बाईलाही आहे. नवऱ्याने दोन वर्षे पोसले नाही, तर १९३९ च्या कायद्याने ती न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळवू शकते.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, तलाक मिळालेल्या मुस्लिम स्त्रीला सर्वांसाठीच्या पोटगीच्या कलमाखालीही दाद मागता येते. पूर्वीचे हे १२५ वे कलम. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले १४४ वे. बायकोबरोबर मुले आणि आईवडीलही त्यात येतात. जिथे ती राहते, तिथेच अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि मंजूर झालेली पोटगी थकली, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. त्यानंतर या कलमाखाली त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.